मीटर एक सांगतं, पेडल दुसरंच: जुनी छोटी गाडी पारखायची कशी

माझ्या आत्तेभावाला गाडी हवी होती. बजेट तीन-सव्वातीन लाख, घरात वयस्कर आई-वडील आणि शाळेत जाणारी मुलगी. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात त्याला 2016 ची वॅगनआर आवडली. पांढरी, पॉलिश मारून चकचकीत केलेली, सीटवर नवी कोरी कव्हरं आणि मीटरवर 38,000 किलोमीटर. "सिंगल हँड आहे साहेब, एकाच मालकाची, डॉक्टरची गाडी," यार्डातला माणूस म्हणाला. टोकन द्यायला भावाने मोबाइल बाहेर काढलासुद्धा.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि खाली वाकून पाहिलं. क्लचच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा पार गुळगुळीत झाल्या होत्या आणि एका कडेला रबर फाटून लोखंड दिसत होतं. वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीचं पेडल असं होत नाही. मागचे टायर पाहिले तर ते 2019 सालचे निघाले. म्हणजे कंपनीने दिलेले टायर तीन वर्षांतच बदलले होते. एवढ्या कमी फिरलेल्या गाडीचे टायर तीन वर्षांत का जावेत? आम्ही टोकन न देता आरसीची झेरॉक्स घेतली आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या नोंदीत गाडी शेवटची 2021 मध्ये आली होती, 1,04,000 किलोमीटरला.

तेव्हापासून मला कुणी "जुनी कुठली घेऊ, वॅगनआर की आय-टेन?" असं विचारलं की मी आधी म्हणतो, मॉडेल नंतर ठरवू, समोर उभी असलेली गाडी आधी बघू. मॉडेलची कीर्ती ही हजारो गाड्यांची सरासरी असते आणि आपण सरासरी विकत घेत नाही, एकच गाडी घेतो. त्या एका गाडीचा भरवसा तीन गोष्टींवर ठरतो: ती मुळात कशी घडवली आहे, ती कशी वापरली गेली आणि तिची निगा कोणी कशी राखली. पहिली गोष्ट पुस्तकात आणि जाणकारांकडे कळते. उरलेल्या दोन त्या गाडीच्या अंगावर लिहिलेल्या असतात, फक्त वाचता आल्या पाहिजेत.

मॉडेल किती सांगतं?

काहीच सांगत नाही असं नाही. साधी यंत्रणा कमी बिघडते आणि बिघडली तरी कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. अल्टो, वॅगनआर, आय-टेन या गाड्या महाराष्ट्रात इतकी वर्षं टिकून आहेत त्यामागे हेच आहे. पार्ट सगळीकडे मिळतात आणि मेकॅनिकचा हात त्यांवर बसलेला आहे.

पण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिनं असतात, आणि खर्च तिथे ठरतो. इंजिनात वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एका तालात चालावे लागतात. तो ताल सांभाळायला काही इंजिनांत रबरी पट्टा असतो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात, तर काहींत लोखंडी साखळी, म्हणजे टायमिंग चेन. जुन्या अल्टो 800 मधल्या 796 सीसीच्या इंजिनाला बेल्ट आहे, तर अल्टो के-10 आणि त्या काळच्या वॅगनआरमधल्या 998 सीसीच्या इंजिनाला चेन. ह्युंदाईच्या आय-टेनमध्ये 1.1 लिटरला बेल्ट आणि 1.2 लिटरच्या कप्पा इंजिनाला चेन. बेल्ट ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि तो आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर ताल मोडतो. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणून बेल्टची गाडी घेताना "बेल्ट कधी बदलला, बिल आहे का?" हा प्रश्न विचाराच. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

ऑटो गिअरच्या छोट्या गाड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्तातली एएमटी, म्हणजे स्वतःहून गिअर बदलणारी यंत्रणा, आली. त्यात क्लच नसतो असं लोकांना वाटतं. क्लच असतोच, फक्त तो आपल्या पायाऐवजी मशीन दाबतं. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज इंच-इंच सरकलेल्या एएमटीचा क्लच लवकर झिजतो. ट्रायलमध्ये गाडी चढावर थांबवून पुन्हा हलवा. धक्का बसला किंवा गाडी थरथरली तर सावध व्हा.

सीएनजी गाडीचं गणित वेगळं. सीएनजी लोक घेतात तेच मुळी खूप फिरायचं असतं म्हणून. त्यामुळे सहा वर्षांची सीएनजी गाडी आणि मीटरवर 30,000, हे ऐकलं की मला पहिली शंका मीटरची येते. किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर 3 वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, झालेली हवी. तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते.

तारखा जुळतात का?

गाडीवर जागोजागी तारखा असतात. मीटर मागे घेणाऱ्याला त्या सगळ्या बदलणं परवडत नाही.

टायरच्या बाजूला एक लांबट चौकट असते, तिच्यात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. काचांच्या कोपऱ्यात कंपनीच्या शिक्क्याखाली सालाची खूण असते. सगळ्या काचांवर ती सारखी आणि एकाच काचेवर तेवढी वेगळी असेल, तर ती काच कधीतरी फुटली आहे. पुढची मोठी काच खडी उडून फुटते, ते मनावर घेऊ नका. पण डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा नंतरच्या असतील तर त्या बाजूला काहीतरी मोठं घडलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की बुडाशी बहुतेक वेळा शिवलेली पट्टी दिसते, तिच्यावरही तारीख असते. या सगळ्या तारखा आरसीवर छापलेल्या निर्मितीच्या महिन्याच्या आसपास, खरं तर थोड्या आधीच्या, असायला हव्यात.

माझा सगळ्यात आवडता कागद मात्र विम्याचा आहे. पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, छापलेला असतो. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. क्लेम घेतला की पुन्हा शून्यावर. आता समजा गाडी सहा वर्षांची आहे, मालक म्हणतो "कधी ओरखडासुद्धा नाही," आणि पॉलिसीवर बोनस आहे 20 टक्के. याचा अर्थ दोन वर्षांमागे क्लेम झाला असणार, किंवा विमा मध्येच खंडित झाला असणार. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर बोनस बुडतो. दोन्हींपैकी काय झालं ते विचारा. खरं बोलणारा माणूस लगेच सांगतो, "हो, मागून रिक्षावाल्याने ठोकलं होतं, डिकीचं दार बदललं." अशी कबुली मला दहा वेळा "नॉन-अॅक्सिडेंट" म्हटलेल्या गाडीपेक्षा जास्त आश्वासक वाटते. उलट बाजूही ध्यानात ठेवा: 50 टक्के बोनस मालकाच्या आधीच्या गाडीवरून आलेला असू शकतो, किंवा ठोकल्यावर क्लेम न करता खिशातून डेंटिंग-पेंटिंग केलेलं असू शकतं. म्हणून एका कागदावर निकाल देऊ नका.

ठोकलेली गाडी आणि रंगवलेली गाडी

यात फरक आहे आणि तो न कळल्यामुळे लोक चांगल्या गाड्या सोडतात. पुण्या-मुंबईत आठ वर्षं फिरलेल्या गाडीचा बंपर रंगवलेला नसेल तर नवल. दारावर टचअप, फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा बदललेला, हे चालतं. बंपर प्लास्टिकचा असतो, फेंडर बोल्टने बसवलेला असतो, ते गाडीचे कपडे आहेत. हाडं म्हणजे बॉनेटखालचा एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), दारांमधले पिलर, छत आणि डिकीचा तळ. ही हाडं वाकून सरळ केलेली असतील तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात आणि पुढच्या अपघातात माणसाला जे संरक्षण मिळायला हवं ते मिळत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बघायचं कसं? दार उघडा आणि चौकटीवरचं रबर हाताने थोडं ओढून काढा. ते पुन्हा बसतं, घाबरू नका. आत पत्र्याच्या कडेवर सारख्या अंतरावर लहान गोल खळगे दिसतील. ती कारखान्यातली वेल्डिंग, यंत्राने केलेली, म्हणून एकसारखी. जिथे हाताने वेल्डिंग केलंय तिथे खळगे गायब होतात किंवा ओबडधोबड गाठी दिसतात. डाव्या चौकटीची उजवीशी तुलना करा, काय बघायचं ते आपोआप कळेल. मग बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टांचे माथे पाहा. पाना लागला असेल तर रंग उडालेला असतो. डिकीतलं स्टेपनी टायर बाहेर काढा आणि खालचा पत्रा पाहा. तिथे सुरकुत्या असतील तर मागून जबर धडक बसलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र एखाद्या मेकॅनिककडे असतं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, पुट्टी भरलेली असेल तर आकडा कित्येक पट चढतो.

पाण्यात बुडालेली गाडी

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या राज्यात हा धोका खरा आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड. अशा पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपनी अनेकदा पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढते आणि भंगाराच्या भावाने लिलावात विकते. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात, आणि गिऱ्हाईक शोधायला बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यात जातात. एमएच-08 रत्नागिरीचं, एमएच-06 रायगडचं, एमएच-09 कोल्हापूरचं आणि एमएच-10 सांगलीचं पासिंग. म्हणून त्या भागातली प्रत्येक गाडी संशयित नव्हे, तिथे जीव लावून सांभाळलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. पण पुराच्या आधीचं पासिंग असेल आणि त्या सुमाराला मालक बदललेला असेल तर दहा मिनिटं जास्त द्या.

पाण्याने होतं काय? पिस्टन हवा दाबतो, पाणी दाबलं जात नाही. पाण्यात गाडी चालू केली किंवा रेटली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान निदान दिसतं आणि दुरुस्त होतं. न दिसणारं नुकसान वायरिंगचं. वायरींच्या जोडांमध्ये ओल आणि गाळ राहतो, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि वर्ष-दीड वर्षाने आज पॉवर विंडो बंद, उद्या मीटर बंद, परवा गाडी भर रस्त्यात बंद, असा खेळ सुरू होतो. मेकॅनिकलाही मूळ सापडत नाही.

सीट पार मागे सरकवा आणि खालच्या रुळावर मोबाइलचा टॉर्च मारा. रुळाला, सीटच्या स्प्रिंगला गंज कशाला यावा? तिथे पाऊस पोचत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. मी एकदा असा ओढला तेव्हा शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ निघाली, पाणी कुठवर चढलं होतं त्याची. वरचा सगळा पट्टा धुऊन स्वच्छ केला होता, आत गुंडाळलेला भाग राहून गेला होता. शिवाय गाडीच्या काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. भपकन येणारा अत्तराचा वास आणि त्याखाली कुबट ओल, हे नाकाला कळतं.

समुद्राकाठच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. मालवण, अलिबाग, गोवा इथली खारी हवा पत्रा खालून खाते. गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून घ्या. वरवरचा तांबूसपणा चालेल, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील तर हात जोडा.

इंजिन थंड असतानाच जा

विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "का?" असं विचारा, कारण दुखणाऱ्या इंजिनाचं दुखणं थंड असतानाच बाहेर येतं. चेन सैल असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडते, बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर रडत फिरतो.

कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय, हा बहुतेकदा सेन्सर किंवा प्लगचा, छोट्या खर्चाचा मामला. पांढरी वाफ थंडीच्या सकाळी साहजिक आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत शिरतंय, म्हणजे ते अडवणारं हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. फेसाळ, दुधाळ साय असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. फक्त भाजी-शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात झाकणाला थोडी साय धरते, तेव्हा डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या सळीवरचं, ऑइलही बघा आणि मगच ठरवा.

मग चालू इंजिनावर डिपस्टिक उपसा. तिथून भकाभका धूर येत असेल तर मेकॅनिक म्हणतो "बॅक मारतेय", म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे स्फोटाचा वायू खाली ऑइलकडे गळतोय. त्याचा अर्थ इंजिनचं काम, आणि छोट्या गाडीत ते काम गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा खातं.

ट्रायल यार्डाभोवती चक्कर मारून घेऊ नका, निदान पंधरा-वीस किलोमीटर घ्या. गाणी बंद, एसी आधी बंद मग चालू. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट आवाज आला तर एक्सेल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, वाजतोय. खराब रस्त्यावर समोरून टक-टक आली तर बुश किंवा लिंक रॉड, ते स्वस्तात होतं, घासाघीस करायला उपयोगी. चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली.

मेकॅनिककडे स्कॅनर लावून घ्या. इंजिनाचा दिवा विझवण्यासाठी कोणी आदल्या दिवशी बिघाडाचे कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण राहिलेल्या दिसतात, हे जाणत्या मेकॅनिकला विचारा. आणि मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागद

इथे लवकर उरकतो. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला आणि आरसीवरचा, अक्षर न् अक्षर जुळवा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवून घ्या. ई-चलन थकलेलं आहे का पाहा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का पाहा. ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. विम्याचं नावही 14 दिवसांत बदलायला द्या. पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होतं. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी "स्वस्तात मिळतेय" म्हणून घेण्याआधी तो खर्च मोजा.

आत्तेभावाने शेवटी कराडची 2017 ची वॅगनआर घेतली. मीटरवर 81,000 म्हणजे यार्डातल्या गाडीच्या मीटरवरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची गाडी. त्यांनी चहा व्हायच्या आत प्लास्टिकची फाइल समोर ठेवली, दर सर्व्हिसचं बिल तारखेने लावलेलं, आणि स्वतःहून म्हणाले, "डावं मागचं दार रंगवलंय हो, फाटकाला घासलं होतं." दोन्ही किल्ल्या होत्या. पेडलचं रबर झिजलेलं होतं, 81,000 ला झिजावं तेवढंच. घेतल्यावर भावाने बॅटरी, पुढचे दोन टायर, ऑइल, कूलंट आणि लोअर आर्मचे बुश बदलले, सगळं मिळून चोवीस हजार लागले. ते बिल त्याने त्याच फाइलमध्ये, काकांच्या शेवटच्या बिलाच्या मागे लावून ठेवलंय.